मापाच्या वहीतलं पान

रविवार, १७ फेब्रुवारी
सकाळी साडेसात

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? शिलाई मशीनचा पट्टा बदलून घेतलास का? दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवलाय म्हणून मागच्या पत्रात चिडली होतीस. तो बुजवला, की अजून गिऱ्हाइकं फळीवरून कसरत करत येतात?

एवढ्या चार ओळी लिहून मी अर्धा तास नुसती बसले आहे. चहा गार झाला. खाली गाडी येऊन उभी होती, ती परत पाठवली. आज शूटिंगला येत नाही असं कळवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कारण सांगितलं नाही.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. मी रंगभूषेच्या खुर्चीत होते, अर्धा चेहरा रंगवून झालेला, अर्धा माझा. पाकिटावर तुझं अक्षर बघून खूश झाले. म्हटलं, आता एक पान गुडघ्याची तक्रार आणि दीड पान गिऱ्हाइकांची. निघाल्या आठ-नऊ ओळी. त्या वाचल्या आणि माझे कान बंद झाले. अगदी खरं सांगते, रंगभूषेच्या बाई काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. शेवटी त्यांनी माझा खांदा हलवला. "अहो, काय झालं? पांढऱ्याफटक पडलात!" मी म्हटलं, "घरचं पत्र आहे." त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं.

संवाद पाठ करायला मला दोन दोन दिवस लागतात. तुझ्या ओळी एका वाचनात पाठ झाल्या.

"सिनेमा पाहिला. गावातलं थिएटर पाडणार आहेत, म्हणून शेवटचा आठवडा तुझाच लावला. मास्तरीणबाई बळेच घेऊन गेल्या. तुझ्या हातात पत्र आहे, तिथे कागदाची मागची बाजू दिसते. ते आपल्या मापाच्या वहीतलं पान आहे. निळी पेन्सिल, बाबांचं अक्षर, माझ्या उंचीएवढं. माळ्यावरचं करडं कापड कोणाचं, ते मला तिथे अंधारात बसून कळलं. तू कधी वाचलंस का त्यावर काय आहे ते? वाच. मग खरं काय ते लिही. यायची घाई करू नकोस."

बाबा गेले त्याच दिवसांत झालेला सिनेमा, म्हणून तू तो कधी बघणार नाहीस, हे मी धरूनच चालले होते. त्या भरवशावर मी किती निवांत जगत होते, ते मला गुरुवारी कळलं.

खरं काय ते लिहिते. पण एकदम तिथे उडी मारता येत नाही मला. लहानपणी नदीत तू धाडकन उतरायचीस आणि मी काठावर बोटं भिजवत बसायचे, तसंच समज. थोडा दम धर.

मी इथे नटी व्हायला आले नव्हते. मुलाखती वाचून वाचून तूही हे विसरली असशील. मी आले ती स्टुडिओच्या कपड्यांच्या खोलीत, काज-बटणं करायला. एकोणीस वर्षांची, हातात बाबांनी दिलेली कात्री, आणि सुईच्या टोकाएवढी अक्कल. ती खोली म्हणजे एक लांबलचक गोदाम होतं. तीनशे कोट दांड्यांना लटकलेले, खिडक्यांपैकी एक कधी पूर्ण बंद व्हायची नाही, आणि आम्हाला सकाळी सहाला हजर व्हायचं असायचं. थंडीने बोटं वळायची नाहीत. म्हणून मी दांडीवरचा एखादा कोट अंगावर चढवायची आणि नट मंडळी यायच्या आत परत लटकवायची. हे मी तुम्हाला लिहिलं होतं. इथले कोट माझ्यावर पोत्यासारखे होतात, त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील, असं गमतीने लिहिलं होतं. तू उलट कळवलंस की बाबा म्हणतात, दुसऱ्याच्या मापाचा कोट घालू नये, त्याने खांदे वाकतात. मी वाचून हसले होते.

पहिली भूमिका कशी मिळाली, तेही आठवत असेल. मोलकरणीचं काम करणारी मुलगी जिन्यात पाय मुरगळून बसली. तिचा पोशाख तयार होता, पण तो मी शिवलेला होता, आणि त्या मापाचा पुतळा नसल्यामुळे माझ्याच अंगावर लावून शिवलेला. दुसऱ्या कोणाच्या अंगात शिरेना. तेव्हा भूमिका काही मला मिळाली नाही, ती त्या कपड्याला मिळाली. मी आत होते म्हणून सोबत गेले. दोन सेकंद दार उघडलं, "बाईसाहेब बाहेर गेल्यात" म्हटलं आणि दार लावलं.

बाबा तो सिनेमा बघायला शेजारच्या गावी सायकलवर गेले होते. परत आल्यावर तू विचारलंस, "कशी दिसली?" तर म्हणाले, "उजवी बाही ओढली जात होती." झालं, एवढंच परीक्षण. मला राग आला होता. पण बाई गं, बाही खरंच ओढली जात होती.

त्यानंतर दीड वर्षात अकरा सिनेमे केले आणि एकातही माझा चेहरा कोणाला धड दिसला नाही. नर्स झाले, टेलिफोनवरची मुलगी झाले, नायिकेच्या लग्नातली डावीकडून चौथी मैत्रीण झाले. एकदा प्रेत झाले आणि ऐन वेळी शिंकले. लोक अजून त्या शिंकेची गोष्ट सांगतात. दिवसभर हे, आणि मधल्या वेळात काज-बटणं चालूच, कारण कपड्यांच्या खोलीतल्या मोठ्या बाई म्हणायच्या, "चेहरा आज आहे, उद्या नाही. काज हातात राहतं."

मग तो सिनेमा आला. नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम, पाच प्रसंग, आणि त्यांतल्या एकात माझा जवळचा शॉट. म्हणजे पडदाभर फक्त माझा चेहरा, दुसरं काहीही नाही. आयुष्यातला पहिला. मी आठ दिवस आधीपासून धड जेवत नव्हते.

प्रसंग असा होता. पोस्टमन येतो, पत्र देतो. ती फोडते, वाचते. हरवलेला भाऊ जिवंत आहे, घरी येतोय. तिचा चेहरा उजळतो. आनंदाचं पत्र होतं ते, ताई. कथेत ते आनंदाचंच पत्र होतं.

आमच्या दिग्दर्शकांची एक पद्धत होती. सिनेमातली पत्रं सगळीकडे कोरी असतात, नाहीतर त्यांवर कोणीतरी रेघोट्या मारलेल्या असतात. ह्यांना ते चालायचं नाही. म्हणायचे, "कोऱ्या कागदावर फिरणारे डोळे खोटे दिसतात. नटाला वाचायला काहीतरी द्या, आणि ते त्याला आधी माहीत नको." ते लिहायचं काम सामानकाकांचं. सेटवरच्या खुर्च्या, दिवे, काठ्या, चष्मे सगळं सामान ज्यांच्या ताब्यात असायचं ते काका. साठीचे होते, माझ्यावर माया करायचे, सुई मागायला यायचे आणि तासभर गप्पा मारत बसायचे. ते दर टेकला नवा कागद लिहायचे. एकात लिहिलं, "माझी कंबर आज फार दुखते." एकात लिहिलं, "समोर उभ्या असलेल्या पोस्टमनने मिशी उलटी लावली आहे."

पाच टेक झाले. मी हसत होते, पण नुसती हसत होते. दिग्दर्शक वैतागले. "मुली, तुझा भाऊ जिवंत असल्याचं कळलंय तुला. उद्या नळाला पाणी येणार असल्याचं नाही!" सगळे हसले. मला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. मग ते काकांना म्हणाले, "हिचा चेहरा खरोखर उजळेल असं काहीतरी द्या हो हिला."

काकांनी सकाळी फाटकावरून सगळ्यांचं टपाल आणलं होतं. त्यात तुझं पत्र होतं. दुपारच्या सुट्टीत द्यायचं म्हणून त्यांच्या खिशातच होतं. तुझं पत्र आलं की मी कशी नाचते, ते त्यांनी वर्षभर पाहिलेलं. त्यांनी चांगल्या मनाने केलं, ताई. त्यांनी ते बंद पाकीट जसंच्या तसं पोस्टमनच्या पिशवीत टाकलं आणि गालात हसत बाजूला उभे राहिले.

पोस्टमनने पाकीट हातात दिलं. तुझं अक्षर! मला हसू फुटलं, खरं हसू. फोडलं. आत मापाच्या वहीतलं पान.

"बाबांचं काही खरं नाही. तुझं नाव घेतात, दाराकडे बघतात. मिळेल त्या गाडीने निघ. ताई."

तेव्हाही माझे कान असेच बंद झाले होते. मी किती वेळ तशी उभी होते मला माहीत नाही. कोणी थांबवलं नाही. मग कॅमेरामनचं ओरडणं कानात शिरलं, "रीळ मघाशीच संपलं, पाकीट फोडतानाच!" हसू मिळालं, पाकीट फोडणं मिळालं, आणि पुढचं काहीच मिळालं नाही. दिग्दर्शकांनी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. धावत माझ्याजवळ आले. "हे कुठून आणलंस? हे कथेत बसत नाही. कथा बदलू! भाऊ मेलाय असं करू. हेच पाहिजे मला. पुन्हा कर."

मी म्हटलं, "हे खरं पत्र आहे. माझे वडील..."

काका तिथेच, जमिनीवर, फतकल मारून बसले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते.

———

दुपारी

मधे दोन तास गेले. घरात फेऱ्या मारल्या. वर लिहिलेलं वाचून पाहिलं. सगळं खरं आहे, एक शब्दही खोटा नाही. आणि वाचणाऱ्याला वाटेल, बिचारी पोर! म्हाताऱ्याची चूक, दिग्दर्शकाची हाव, मधे ही सापडली. मी स्वतःलाही ही गोष्ट इथवरच सांगत आले आहे. याच्या पुढे जातच नव्हते.

पुढचं असं आहे.

दिग्दर्शकांनी पत्र वाचलं. आणि म्हणाले, "जायचं तर जा. माझी गाडी घेऊन जा, ड्रायव्हर देतो, स्टेशनवर सोडेल. पण एक सांगतो, हा सेट उद्या मोडायचाय. तू गेलीस तर हा शॉट दुसऱ्या कोणावर तरी घ्यावा लागेल. तू ठरव." त्यांनी जबरदस्ती केली नाही, ताई. आवाजही चढवला नाही. फाटकाशी गाडी उभी होती, मला खिडकीतून दिसत होती. त्या सोमवारची दुपारची आगगाडी मिळाली असती. मी मंगळवारी सकाळी घरी पोचले असते. बाबा बुधवारी पहाटे गेले.

मी म्हटलं, "एकदा करते आणि निघते."

बाबांचं दर थंडीत असंच होतं, असं मी मनात म्हटलं. छाती भरते, चार दिवस जातात, उठून बसतात आणि चहा मागतात. हे खरंही होतं. पण तू असं पत्र त्याआधी कधी लिहिलं नव्हतंस, हेही मला त्याच क्षणी कळलेलं होतं.

पाकिटं डझनभर होती, ती बदलली. कागद एकच होता, तुझा. नवीन रीळ घातलं. तुझ्या पत्रावरचा दुसरा टेक झाला. मी पत्र फोडलं, हसले, वाचलं, थिजले. दिग्दर्शक म्हणाले, "झालं. उत्तम. जा तू." मोठ्या बाई माझी पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. सगळे माझ्या वाटेतून बाजूला झाले.

आणि मी म्हटलं, "अजून एक."

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तो शब्द माझा आहे. दिग्दर्शकांचा नाही, काकांचा नाही. मला दुसरा टेक पसंत पडला नव्हता. डोळ्यांत पाणी जरा लवकर आलं होतं. मला ते उशिरा आणायचं होतं. कॅमेरामन म्हणाले, "घेतच आहोत तर कागद थोडा वर धरा. उजेड कागदावरून चेहऱ्यावर येईल, डोळे चमकतील." मी म्हटलं, बरं. धरून बघितला. विचारलं, एवढा? ते म्हणाले, अजून दोन बोटं. मी अजून दोन बोटं वर धरला. बाबा दाराकडे बघत होते, असं लिहिलेला कागद मी दोन बोटं वर धरला, उजेडासाठी.

सिनेमात आहे तो तिसरा.

मग दुपारची गाडी गेली. मग त्या शॉटला जोडून बाकीचा प्रसंग नव्याने लिहिला गेला, तो करायचा होता. सेट मोडणं दोन दिवस पुढे ढकललं, माझ्यासाठी. माझ्यासाठी कोणी कधी दिवा हलवला नव्हता, आणि आता सेट थांबला होता! पत्र पुढच्या शॉटमध्ये हातात दिसायला हवं म्हणून ते सामानाच्या खोलीत, चिठ्ठी लावून ठेवलं होतं. तिथेच राहिलं. बुधवारी, दुपारची गाडी सुटून गेल्यावर, तुझी तार आली. ती मात्र काकांनी धावत आणून थेट माझ्या हातात दिली. त्यांनी त्यानंतर कुठल्याही नटाच्या हातात बंद पाकीट दिलं नाही. कागद आधी उघडून दाखवायचे, कोणाचं खरं पत्र नाही म्हणून.

शुक्रवारी मी घरी पोचले. तू दारात होतीस. मला वाटलं होतं, तू मला मारशील. मार खायची तयारी करून आले होते. तू फक्त विचारलंस, "माझं पत्र मिळालं नाही का गं?"

मी गाडीत काहीही ठरवलेलं नव्हतं. बाबांची शपथ घेतली असती, पण आता ती घ्यायला तोंड नाही. माझ्या तोंडून आलं, "कुठलं पत्र?"

आणि तू खालीच बसलीस. उंबऱ्यावर. म्हणालीस, "मी पत्ता घाईत लिहिला. माझंच चुकलं. दोन दिवस तुझं नाव घेत होते गं, माझ्यामुळे तुझी भेट हुकली." तू माझे पाय धरलेस, ताई. तू, थोरली, माझे. आणि मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, "जाऊ दे. मुद्दाम का केलंस? तुझी काय चूक."

मी तुला माफ केलं! मी, तुला.

तेव्हापासून तू माझ्या प्रत्येक पाकिटावर पत्ता दोनदा लिहितेस, पुढे एकदा आणि मागे एकदा, मोठ्या अक्षरांत. इथल्या लोकांना त्याचं हसू येतं. मीही हसते त्यांच्याबरोबर. म्हणते, "आमच्या ताईचा पोस्टावर विश्वास नाही." गुरुवारच्या पाकिटावर पत्ता एकदाच होता. ते माझ्या लक्षात आलं ते पत्र वाचून झाल्यावर.

पुढचं तुला माहीत आहे. त्या एका शॉटने मला कुठून कुठे नेलं, ते जगाला माहीत आहे. भिंतींवर माझा तोच चेहरा लागला. पुढच्या वर्षी तीन सिनेमांत नायिका झाले, कपड्यांच्या खोलीत आता माझे पोशाख वेगळ्या कपाटात असतात. प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न, "तो शॉट कसा दिलात?" मी सांगते, "कागद कोरा होता. सगळं आतून आणलं." इतक्या वेळा सांगितलं की अभिनय शिकवणारे पोरांच्या हातात कोरे कागद देतात आणि म्हणतात, रडा. तू त्यातली एक मुलाखत कापून दुकानात आरशाशेजारी लावली आहेस. पुढच्या वेळी आरसा पुसशील तेव्हा ती काढ.

आता कालचं. कालचं लिहिलं की संपलं.

तू लिहिलंस "वाच", म्हणून काल सकाळी स्टुडिओत गेले. तिथे छोटं थिएटर आहे, आमची कामं तपासून बघायला. ऑपरेटरला म्हटलं, त्या सिनेमाचं पाचवं रीळ लावा. एकटीच बसले. शॉट आला, गेला. मला कागद दिसलाच नाही. नऊ वर्षांत हा शॉट मी शंभरदा पाहिला असेल आणि दर वेळी स्वतःचा चेहराच बघितला. कालही तेच. ऑपरेटरला म्हटलं, तिथे थांबवा. तो म्हणाला, "बाई, थांबवलं तर दिव्याने फिल्म जळते. थांबवता येत नाही, पुन्हा लावतो." दुसऱ्यांदा लावलं. पुन्हा चेहरा. माझे डोळे तिकडेच जातात गं, लाज वाटते लिहायला. चौथ्या वेळी मी हात समोर धरला आणि हाताने पडद्यावरचा माझा चेहरा झाकला. मग खाली कागद उरला.

निळी पेन्सिल. वर नाव लिहिलेलं: टाचणी.

त्या घरात मला त्या नावाने एकच माणूस हाक मारायचा. खाली लिहिलं होतं: कोट. छाती एकतीस. खांदा साडेतेरा. बाही बावीस. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, ते मला दोनदा बघावं लागलं: बोलताना हात वर करते, काखेत सैल ठेवणे.

माझ्या तोंडून आवाज निघाला. ऑपरेटर धावत खाली आला. त्याला वाटलं, मला काही चावलं.

माझं माप त्यांनी कधी घेतलं, ताई? मी तर दोन वर्षं घरी नव्हते. नुसतं आठवून लिहिलं असणार, आणि एकही आकडा चुकलेला नाही. ते करडं कापड मी त्या शुक्रवारीच पाहिलं होतं, सुतळीने बांधलेलं. तू म्हणालीस, "बाबांनी आजारपणात कोणाचा तरी कोट कापून ठेवलाय, माप सापडत नाही. कोणीतरी बारीक बाई असणार." तू पत्र लिहायच्या घाईत वही पालथी घेऊन पान फाडलं होतंस. पुढच्या बाजूला काय आहे ते बघायला तुला वेळ नव्हता. माझ्याकडे तर वेळच वेळ होता. मी ते पान तीन टेक हातात धरून उभी होते आणि उलटवून पाहिलं नाही. नऊ वर्षं तू गिऱ्हाइकांना विचारत राहिलीस, हा कोट तुमचा का, म्हणून.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पहिल्या दोन टेकमध्ये कागद खाली होता. त्यांतला कोणताही लागला असता तर मागची बाजू कोणालाच दिसली नसती, तुलाही नाही. मी हात वर केला म्हणून दिसली.

कापड शिवू नकोस. मला आता ते बसायचं नाही, आणि बसलं तरी कोणत्या तोंडाने घालू? पण कोणाला देऊही नकोस. माझ्या हातचं काज अजून बरं येतं. त्या कोटाची काजं मला करू देशील का, एवढंच विचारते. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.

तू लिहिलंस, यायची घाई करू नकोस. नाही करत. न बोलावता येणार नाही. पण तू बोलावलंस, तर मिळेल त्या गाडीने निघेन, मग इथे काहीही चालू असो. फक्त पाकिटावर पत्ता एकदाच लिही. एकदा लिहिलेला पोचतो, ताई. तेव्हाही पोचला होता.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
टाचणी